चामड्याचे काम: दोष दिसतो कुठे, असतो कुठे?



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शनिवारच्या वर्गातील मुलामुलींनी खांद्याला अडकवायच्या बारा पिशव्या शिवल्या. मी शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत असे. निवृत्त झाल्यावर चामड्याच्या कामाचा छंद लागला, आणि आता दर शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून एसटीने कन्नड तालुक्यातील एका वसतिगृहात जाऊन तोच छंद मुलांना शिकवते. मुले बहुतेक भिल्ल वस्त्यांवरची. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला निघतात, म्हणून मुले इथे राहून शिकतात.

पिशव्या झाल्या तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मुलांनी त्यात वह्या भरल्या आणि कौतुकाने मिरवल्या. तीन आठवड्यांनी सातवीतल्या एका मुलीच्या पिशवीचा पट्टा मला चिंधीने बांधलेला दिसला. रविवारी घरी जाताना नाला ओलांडला, तेव्हा पट्टा तुटून पिशवी पाण्यात पडली होती. वह्या भिजल्या. तिने कोणालाच सांगितले नाही. जुन्या साडीची चिंधी गुंडाळून ती तशीच वर्गात आली.

मी पट्टा पाहिला आणि सर्वांसमोर म्हणाले, “टाके सैल घातलेस. घाई केलीस.” ती मान खाली घालून उभी राहिली. काही बोलली नाही.

पिशवी दुरुस्तीसाठी मी घरी आणली. रात्री दिव्याखाली टाके उसवू लागले आणि माझा हात थांबला. दोरा कुठेही तुटला नव्हता. एकही टाका सैल नव्हता. फाटले होते ते कातडे, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत सरळ रेषेत. त्या मुलीचे काम चोख होते.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन मी औरंगपुऱ्याच्या बाजूला बसणाऱ्या एका काकांकडे गेले. लहानपणापासून ते चपला-जोडे शिवत आले आहेत, आणि मला जे थोडेफार येते त्यातले बरेचसे त्यांच्याकडूनच शिकलेले आहे. त्यांनी पट्टा दोन्ही हातांत धरून एकदाच ताणला. म्हणाले, “बाई, टाक्याला काहून बोल लावायलात? पोटाचं कातडं हाय हे. ताणलं की ताणतच जातंय.” मग भोकांच्या ओळीवर अंगठा फिरवून त्यांनी विचारले, “अन् ह्या खुणा कुणी मारल्या?”

खुणा मी मारल्या होत्या. पट्टेही मीच कापून दिले होते. मोठे तुकडे पिशवीच्या अंगासाठी वापरून झाल्यावर कडेला जे उरले, त्यातून काटकसर म्हणून पट्टे काढले होते.

या अंकातील पाठ त्या दिवशी मी जे शिकले त्याचा आहे. चामड्याच्या कामात दोष दिसतो एका पायरीवर, आणि झालेला असतो तिच्या आधीच्या एखाद्या पायरीवर. आपल्या मंडळ्यांतील अनेक जण फावल्या वेळात पाकिटे, पट्टे, पवित्र शास्त्राची आवरणे करतात, तरुणसंघांतही असे वर्ग चालतात. त्या सर्वांना नेहमी येणाऱ्या सहा अडचणी आपण याच रीतीने मागे मागे जाऊन पाहू.

१. पट्टा ताणतो किंवा फाटतो

अख्खे कातडे जमिनीवर पसरले की मधोमध पाठीचा कणा असतो, दोन्ही कडांना पोट आणि पाय. कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग घट्ट विणीचा असतो. पोटाकडे वीण सैल होत जाते. जनावर खाते-पिते तेव्हा पोट फुगते आणि ओसरते, तेव्हा तिथले कातडे ताणणारे असणारच. म्हणून ज्या भागावर वजन येणार तो भाग पाठीतून आणि कण्याच्या दिशेने कापावा. पिशवीचा पट्टा, कमरेचा पट्टा, मूठ ही सगळी अशी कामे. आतले कप्पे, लहान पाकिटे, किल्लीची गोंडी यांना पोटाचा भाग चालतो.

याचा अर्थ, आधी पट्टे कापावेत आणि मग बाकीचे. मी नेमके उलटे केले होते.

तयार तुकडा घेतला असेल आणि तो कोणत्या भागाचा हे कळत नसेल, तर एक सोपी परीक्षा करावी. तुकड्यावर ३० सेंटिमीटरवर दोन खुणा कराव्यात. एक टोक पायाखाली धरून दुसरे टोक मिनिटभर जोराने ओढावे. सोडल्यावर पुन्हा मोजावे. अंतर वाढलेले राहिले, तर त्याचा पट्टा करू नये.

२. शिवण भोकांच्या ओळीत फाटते

टपाल तिकिटांच्या पानावर भोकांच्या ओळी असतात. त्या कशासाठी? तिकीट सहज फाटावे म्हणून. आपणही आरीने जाड आणि जवळजवळ भोके पाडली, तर कातड्याचे तिकीट होते. मी दोन भोकांत जेमतेम दोन मिलिमीटर अंतर ठेवले होते, कारण बारीक टाका सुंदर दिसतो.

दोन मिलिमीटर जाडीच्या कातड्याला कडेपासून सुमारे ४ मिलिमीटर आत रेघ आखावी आणि त्या रेघेवर ४-४ मिलिमीटरवर भोके पाडावीत. रेघेसाठी शाळेचा कंपास पुरतो: त्याचे एक टोक कडेवरून फिरवायचे, दुसरे आपोआप रेघ काढते. आरी दोऱ्याच्या मानाने बारीकच असावी. सुई थोडी अडली तर चालेल, पण भोकात दोरा खुळखुळता कामा नये.

टाका दोन सुयांचा घालावा. एकाच मेणदोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यावा. शेवटी दोन टाके उलटे मागे यावे, म्हणजे गाठीची गरज पडत नाही. जिथे पट्टा पिशवीला जोडला जातो तिथे आतून एक चौकोनी ठिगळ लावावे, त्यामुळे ओढ सगळ्या तुकड्यावर वाटली जाते.

३. कातड्यावर काळे डाग पडतात

नाल्यात भिजलेल्या त्या पिशवीवर बकलाभोवती निळसर काळी वर्तुळे उमटली होती. मुले म्हणाली, चिखल असेल. पण धुऊन ते जात नव्हते. हे कोडे सुटण्यासाठी आपल्याला टाके आणि बकल सोडून थेट जंगलात जावे लागेल.

कातडे कुजू नये म्हणून ते कमवावे लागते. कोल्हापुरी चपलेसाठी कातडे कमावण्याची परंपरागत रीत बाभळीची साल आणि हिरडा यांची आहे. (या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत.) हिरडा येतो सह्याद्रीतून. जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांत महादेव कोळी कुटुंबे तो रानातून गोळा करतात आणि त्यावर त्यांच्या वर्षाच्या मिठामिरचीचा बराच भार असतो. साल आणि हिरडा यांतील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, कातड्यात मुरते आणि कातडे टिकाऊ होते.

हेच टॅनिन लोखंडाला भेटले, आणि सोबत ओल असली, की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंड यांपासून कापडाला काळा रंग देण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. म्हणजे आमच्या पिशवीवर चिखल नव्हताच. स्वस्त बकलाचा मुलामा उडाला, आतले लोखंड उघडे पडले, आणि भिजल्यावर नकळत रंगकाम झाले.

उपाय असा: डाग ताजा असताना त्यावर लिंबाचा रस कापसाने हलके लावावा. डाग फिकट होतो. मग तेवढाच भाग न धुता सबंध तुकडा स्वच्छ पाण्याने सारखा ओला करावा, नाहीतर ओलीच्या कडेचा नवा डाग पडतो. सावलीत वाळवून तेलाचा पुसटसा हात द्यावा. पुढच्या वेळी बकल आणि रिवेट पितळी घ्यावेत. ओले कातडे लोखंडी खलबत्त्यावर किंवा पोलादी पट्टीखाली ठेवू नये.

मात्र बाजारात मिळणारे सगळेच कातडे हिरड्याचे नसते. पुष्कळसे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ओळखायचे असेल तर कापलेली कड पाहा. मधल्या थरात निळसर करडी झाक असेल तर बहुधा ते क्रोमचे. पाण्याचा थेंब टाका. साल-हिरड्याचे, वर लेप न दिलेले कातडे थेंब पिऊन लगेच गडद होते. क्रोमचे कातडे मऊ असते आणि पाण्याला दाद देत नाही, पण त्यावर ठसे उमटत नाहीत आणि घासून कडाही गुळगुळीत होत नाहीत. “कितीही घासले तरी कड चकाकत नाही” अशी तक्रार असेल, तर हातात कातडेच वेगळे आहे. आणि मागच्या बाजूला कापडाची वीण दिसली, तर ते रेक्झिन आहे.

४. पावसाळ्यात पांढरे येते

जुलै-ऑगस्टमध्ये कपाट उघडावे आणि पाकिटावर पांढरी साय दिसावी, हा अनुभव सर्वांचाच आहे. पण पांढरे म्हटले की ती बुरशीच असते असे नाही. आपण जास्त तेल पाजले असेल, तर तेलातील चरबीही थंडीत वर येऊन पांढरी दिसते. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल थिजते, तसेच हे. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा मारून पाहावी. पांढरे विरघळून नाहीसे झाले तर ती चरबी. कोरड्या कापडाने पुसले की काम झाले. तसेच राहिले तर बुरशी.

बुरशी घरात झटकू नये. अंगणात नेऊन मऊ ब्रशने काढावी. मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, कापड त्यात घट्ट पिळून पुसावे. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग जातो का ते बघून घ्यावे. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. कडक उन्हात कातडे आखडते आणि पुढे तडकते.

मूळ कारण मात्र बहुतेक वेळा आपली काळजीच असते. जपून ठेवावे म्हणून आपण वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो आणि ओल आत कोंडतो. सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवलेली वस्तू पावसाळा बरा काढते.

५. चिकटवलेले सुटते, घडीवर तडा जातो

रबर सोल्यूशन लावून लगेच दाबले की सुटणारच. ते दोन्ही बाजूंना पातळ लावावे आणि थांबावे. बोट लावल्यावर ओले लागेनासे झाले की मगच दोन्ही बाजू जुळवून हातोडीने ठोकाव्यात. वरची गुळगुळीत बाजू चिकटवायची असेल, तर तेवढी पट्टी आधी काचपेपरने खरवडावी. सोल्यूशन दारे-खिडक्या उघड्या ठेवून, विस्तवापासून दूर वापरावे. त्याचा वास मुलांच्या नाकात जाऊ देऊ नये. आमच्या वर्गात सोल्यूशनची डबी माझ्याकडेच असते.

घडीवर तडा जातो तेव्हा आपण कातड्याला दोष देतो. पण जाड कातडे कोरडेच दुमडले तर वरचा थर ताणून फाटणारच. जिथे घडी येणार तिथे आतल्या बाजूने रापीने (कातडे कापण्या-तासण्याचे रुंद पात्याचे हत्यार) जाडी निम्मी करावी, साल-हिरड्याचे कातडे असेल तर स्पंजने थोडे ओले करावे आणि मग दुमडावे. रापीला धार असेल तर तासणे सोपे. बोथट रापीला जोर लागतो, आणि हात कापतो तो बहुतेक या जोरामुळेच. दुसरा हात पात्याच्या पुढे कधीच नसावा.

६. पवित्र शास्त्राचे आवरण बसत नाही, रंग हाताला लागतो

ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते. आवरण शिवले, पुस्तक उघडे असताना छान बसले, पण मिटायला गेले की ओढते आणि पुठ्ठा वाकतो. कारण माप उघड्या पुस्तकाचे घेतलेले असते. पुस्तक मिटले की कण्यावरून जाणारी वाट लांब होते. म्हणून पुस्तक मिटून त्याभोवती कागद गुंडाळावा, माप घ्यावे, ३-४ मिलिमीटर सैल ठेवावे, आणि आधी कागदाचेच आवरण करून दोनचार वेळा उघडमीट करून पाहावी. कागद वाया गेला तर एक रुपया जातो. कातडे एकदा कापले की पुन्हा जोडता येत नाही.

रंग हाताला आणि पानांच्या कडांना लागतो, याचे कारण बहुधा रंग कमी बसला हे नसते. वर सुटा राहिलेला जास्तीचा रंग पुसला गेलेला नसतो. रंग वाळल्यावर कोरड्या पांढऱ्या फडक्याने घासावे, फडके स्वच्छ निघेपर्यंत. मगच मेणाचा हात द्यावा. शेवटी ओलसर पांढरे फडके फिरवून परीक्षा घ्यावी. सणाच्या दिवशी पांढऱ्या साडीवर परीक्षा होण्यापेक्षा हे बरे.

एक गोष्ट मनातली

मी हे काम हाती घेतले तेव्हा आमच्या मंडळीतील एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “एवढं शिकून हेच काम कशाला?” मला राग आला नाही. आपल्यातील कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी हे काम मनाविरुद्ध केले, त्यापायी गावाबाहेर राहिले. ते सुटले तेव्हा त्यांना हायसे वाटले. माझ्यासाठी हा छंद आहे, काकांसाठी पोट आहे, आणि हा फरक विसरणे बरे नव्हे. पण पेत्र यापोत शिमोन चांभाराच्या घरी बरेच दिवस राहिला, आणि पौलाने राहुट्या करून आपल्या हातांनी पोट भरले, हेही आपण वाचतो. माझ्या पदवीने जे मला दिसले नाही, ते काकांच्या अंगठ्याला एका क्षणात कळले. हे काम हलके आहे असे त्यानंतर मला म्हणता येणार नाही.

पुढच्या शनिवारी मी ती पिशवी घेऊन वर्गात गेले. रागावले होते ते सर्वांसमोर, म्हणून चूकही सर्वांसमोर सांगितली. उसवलेला पट्टा हातोहात फिरवला आणि म्हणाले, “टाके हिचे आहेत, एकही तुटलेला नाही. पट्टा मी कापला, खुणा मी मारल्या. चूक माझी.” मुले गप्प झाली. बाईंची चूक असते हे त्यांना नवीन होते. ती मुलगी थोड्या वेळाने जवळ आली. वह्यांबद्दल नाही, रागावण्याबद्दल नाही, तिने एवढेच विचारले, “मग बाई, नवा पट्टा मी कापू?”

तिने तो कण्याजवळून कापला. कापण्याआधी तुकड्यावर पाय ठेवून तो ओढला, पुन्हा मोजला, आणि मगच रापी मागितली. उरलेल्या अकरा पिशव्यांचे पट्टेही आम्ही एकेक करून बदलले. त्यातले सात ताणू लागले होते. ती मुलगी त्या दिवशी गप्प राहिली होती, तशा आणखी किती जणांनी चिंधी बांधून काम चालवले असते, हे मला सांगता येत नाही.

सरावासाठी

१. घरातील एखादी तुटलेली चामड्याची वस्तू घ्या. दोष कुठे दिसतो ते लिहा. मग मागे जा: शिवण, भोके, आखणी, कापणी, कातडे. तो कोणत्या पायरीवर झाला असेल?

२. कातड्याच्या एका तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका आणि त्याची कड पाहा. ते साल-हिरड्याचे की क्रोमचे, हे कारणासह सांगा.

३. वर्गात किंवा घरी आपण अलीकडे कोणाला “तू घाई केलीस” असे म्हणालो का? त्यांना कामासाठी काय हाती दिले होते, तेही एकदा तपासून पाहा.